पॅकहाऊसमधलं टेबल आणि टू-वे अनोव्हा

कामगार किती काम करतो, हा प्रश्न आमच्या नाशकात दोन ठिकाणी फार जोरात विचारला जातो. एक सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये, आणि दुसरं जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं साफ करून पेट्या भरतात तिथे. गंमत म्हणजे दोन्हीकडे उत्तर आधीच ठरलेलं असतं. अंबडला रात्रपाळीवाले कामचुकार, पिंपळगाव-दिंडोरीकडे बाया स्लो. मग त्या उत्तराला शोभतील असे आकडे शोधायचे, आणि शोधले की सापडतातच.

मी नोकरी क्वालिटीत करतो, स्टॅटिस्टिक्स कॉलेजात झालंय, त्यामुळे असे आकडे घेऊन लोक माझ्याकडे येतात. एका मित्राचं पिंपळगाव बसवंतच्या पुढे छोटं पॅकहाऊस आहे, एक्सपोर्टवाल्यांना माल भरून देतो. त्याचं म्हणणं होतं की त्याने टेबलावरची कामाची पद्धत बदलली, दुसऱ्या एका पॅकहाऊसमध्ये बघून आला होता, तिकडे म्हणे धडाधड पेट्या निघतात आणि याच्याकडे काहीच फरक नाही. "अरे बायाच ऐकत नाहीत, जुन्या सवयी." आता हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा विचारतो, फरक नाही हे कळलं कसं? तर सरासरी काढली होती. जुन्या पद्धतीचे सगळे तास एकीकडे, नवीनचे दुसरीकडे, दोन सरासऱ्या जवळपास सारख्या, विषय संपला. इथेच टू-वे अनोव्हाची गरज लागते, म्हणजे आकड्यांतल्या चढउताराची एकाच वेळी दोन घटकांत वाटणी करून बघायची, आणि हे पुस्तकात इतकं कोरडं करून ठेवलंय की लोक परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात म्हणून म्हटलं लिहावं.

आधी टेबलावर काय चालतं ते सांगतो, कारण ते बघितल्याशिवाय पुढचं गणित हवेत राहतं. बागेतून क्रेट येतात. एका टेबलाला चार जणी, डोक्याला टोपी, हातात ग्लोव्हज. घड उचलायचा, देठाला धरून फिरवायचा, मण्यांना हात न लावता, नाहीतर वरची लव पुसली जाते. खराब मणी कात्रीने काढायचे, मग काट्यावर वजन, मग अर्धा किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, बसवायचा, दहा पनेट पेटीत, वर माल टिकवणारा ग्रेप गार्डचा कागद, पेटी थंड व्हायला प्री-कूलिंगला. जुन्या पद्धतीत प्रत्येक जण स्वतःचा घड स्वतःच पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची. नवीन पद्धतीत साखळी: एक फक्त कात्री चालवणार, दुसरी वजन, तिसरी पनेट भरणार, चौथी पेटी आणि गार्ड.

आता दुसरी गोष्ट, जी मित्राच्या वहीत नव्हती. माल रोज सारखा नसतो. एखाद्या बागेचा घड असा येतो की कात्रीला कामच नाही, आणि अवकाळी पाऊस झाला की तडकलेले मणी, डाग, आत कुठेतरी एखादा नासलेला, मग एकेका घडाला कात्री बराच वेळ चालत राहते. तिथल्या एका मावशींनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "भाऊ, आधी क्रेटात डोकावून बघा, मग पेट्या मोजा." आख्खा टू-वे अनोव्हा यात आलाय, खरं सांगतो.

म्हणजे घटक दोन झाले. एक पद्धत, एकटी किंवा साखळी. दुसरा माल, साफ किंवा डागी. दोन गुणिले दोन, चार घरं. प्रत्येक घरात काही नोंदी. मित्राचे खरे आकडे त्याच्या धंद्याचे आहेत, ते टाकत नाही, हिशोब डोक्यात बसावा म्हणून मी मुद्दाम सोपे आकडे बनवलेत, ते बनवलेलेच समजा. एका टेबलाच्या तासाला पेट्या, प्रत्येक घरात तीन नोंदी. एकटी आणि साफ माल: १७, २०, २३. साखळी आणि साफ: २३, २६, २९. एकटी आणि डागी: १३, १६, १९. साखळी आणि डागी: ७, १०, १३.

आता सरासरी काढा. एकटी पद्धतीची १८. साखळीची पण १८. मित्र बरोबर बोलत होता की, फरक शून्य! अगदी शून्य. पण चार घरांकडे बघा, २०, २६, १६, १०. साफ मालात साखळी सहा पेट्या पुढे आणि डागी मालात सहा पेट्या मागे. दोन्ही फरक खरे, दोन्ही मोठे, आणि सरासरीत एकमेकांना खाऊन टाकलं. याला इंटरॅक्शन म्हणतात, म्हणजे एका घटकाचा परिणाम काय हे दुसरा घटक कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरतं.

अनोव्हा हे आकड्यात मांडतो. बाराही आकड्यांची मिळून सरासरी १८. प्रत्येक आकड्याचा १८ पासूनचा फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा, ४८० येतात. हे एकूण भांडवल समजा, आता याची वाटणी करायची. पद्धतीच्या वाट्याला किती? दोन्ही सरासऱ्या १८, म्हणून शून्य. मालाच्या वाट्याला? साफची सरासरी २३, डागीची १३, दोन्ही १८ पासून पाचने लांब, पाचाचा वर्ग २५, गुणिले १२ नोंदी, ३००. इंटरॅक्शनच्या वाट्याला? नुसत्या मालावरून अंदाज बांधला असता तर साफची दोन्ही घरं २३ आणि डागीची दोन्ही १३ यायला हवी होती, प्रत्यक्षात प्रत्येक घर ३ ने इकडे किंवा तिकडे सरकलंय, नवाचा १२ पट, १०८. उरले ७२, ते घराच्या आतले, म्हणजे तीच पद्धत, तसाच माल, तरी एका तासाला १७ आणि दुसऱ्या तासाला २३, का ते कोणाला माहीत, लाईट, गप्पा, पाणी प्यायला उठणं, काहीही. ० अधिक ३०० अधिक १०८ अधिक ७२, ४८० जुळले.

त्या ७२ ला फार महत्त्व आहे, कारण मोजायची पट्टी तीच. बारा नोंदी वजा चार घरं, म्हणून त्याची स्वातंत्र्यमात्रा ८, डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणा, ७२ भागिले ८ म्हणजे ९. इतका चढउतार आपोआप होतच असतो. माल आणि इंटरॅक्शन यांची मात्रा प्रत्येकी १, म्हणून त्यांचे आकडे आहेत तसेच घ्यायचे. मालाचे ३०० भागिले ९, साधारण ३३. इंटरॅक्शनचे १०८ भागिले ९, बरोबर १२. हे एफ रेशो. १ आणि ८ मात्रांना पाच टक्के पातळीवर तक्त्यातला आकडा ५.३२ आहे, म्हणजे १२ चांगलाच वर आहे, योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आणि हेच जर फक्त पद्धतीवर वन-वे केलं असतं तर? पद्धतीला शून्य आणि उरलेले सगळे ४८० "आपोआप होणारा चढउतार" म्हणून जमा. मालामुळे झालेला फरक, साखळी-मालाच्या जोडीमुळे झालेला फरक, सगळा कचऱ्याच्या एकाच डब्यात. मग बाया ऐकत नाहीत असंच वाटणार, दुसरं काय वाटणार.

म्हणून माझं मत ठाम आहे, एक्सेलने तक्ता फेकला की सगळ्यात आधी इंटरॅक्शनची ओळ बघायची, एकेकट्या घटकाच्या वरच्या दोन ओळी नंतर. ती ओळ जड असेल तर "साखळी चांगली की एकटी चांगली" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच, प्रश्नच अर्धा आहे. लोक वरून खाली वाचतात, पहिल्या ओळीत पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने इतका फरक दिसायची शक्यता) मोठी दिसली की फाईल बंद.

अजून एक खोच आहे, ती मला पुस्तकांत फारशी ठळक लिहिलेली दिसली नाही. वरची १८ आणि १८ ही सरासरी साफ आणि डागी माल अर्धा-अर्धा धरून आलीये, कारण मी नोंदी तशा बनवल्या. पण सीझन कुठे अर्धा-अर्धा असतो! समजा शंभरातले ऐंशी तास साफ माल येतो, तर साखळीचे तासाला २२.८ होतात आणि एकटीचे १९.२, साखळी सरळ जिंकली. पावसाने झोडपलेल्या वर्षी उलटं करा, साखळी हरली. म्हणजे मित्र ज्या पॅकहाऊसमध्ये बघून आला तिथे साखळी खरंच धडाधड चालत असेल, त्यांचा माल तसा असेल, त्यात खोटं काही नाही. मेन इफेक्ट, म्हणजे एका घटकाचा एकट्याचा सरासरी परिणाम, हा तुमच्या नोंदींच्या प्रमाणाचा इफेक्ट असतो, तुमच्या सीझनचा नाही, हे डोक्यात ठेवून बोलायचं.

आणि कारण तर टेबलाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. साफ मालात साखळी पळते कारण कोणाचाच हात अवजार बदलत नाही, कात्री खाली ठेव, काट्याकडे वळ, काट्यावर दुसरी उभी, थांब, हे सगळं वाचतं. डागी मालात मात्र कात्रीवाली एकटी अडकते आणि बाकी तिघी तिच्या हाताकडे बघत बसतात, चार जणींच्या टेबलावर एक कात्री चालू. जुन्या पद्धतीत चारही जणींच्या कात्र्या चालतात. आता यात बायांचा स्लोपणा कुठे आला? तीच बाई सकाळी साफ मालावर फास्ट आणि दुपारी डागी मालावर स्लो. तिला बोलून काय उपयोग, दुसरी कात्री द्या ना. म्हणजे तिसरी पद्धत निघाली, माल डागी असला की दोन जणी कात्रीवर, एक वजन आणि पनेटला, एक पेटीला. ती पण आता चाचणीत घालायची, मग दोन गुणिले दोनचं तीन गुणिले दोन होईल, गणित तेच.

अंबडचं उदाहरण पण याच जातीचं. एका शॉपमध्ये मशीन आणि पाळी असे दोन घटक लावले तर साध्या मशीनवर तिन्ही पाळ्या जवळपास सारख्या आणि एका सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, थर्ड शिफ्ट एकदम खाली. बघितलं तर मशीन लावून देणारा सेटर फक्त फर्स्ट आणि सेकंडला. रात्री इन्सर्ट (कापायचं पातं) बदलला, ऑफसेट (पात्याच्या मापाची सेटिंग) हलला की ऑपरेटर सकाळपर्यंत जपून जपून चालवणार, रिजेक्शन झालं तर त्याच्याच अंगावर येणार. सगळ्या मशीनची सरासरी काढून रात्रपाळीला शिव्या घालणं फार सोपं असतं.

या पद्धतीचा जन्म शेतातला आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होता, तिथे १९२३ मध्ये त्याने सहकारी विनिफ्रेड मॅकेन्झीबरोबर बटाट्याच्या १२ जाती आणि वेगवेगळी खतं यांचा अभ्यास छापला, प्रश्न हाच होता की वेगवेगळ्या जाती खताला वेगवेगळा प्रतिसाद देतात का. म्हणजे इंटरॅक्शनच. त्यांच्या आकड्यांत तसं काही ठळक निघालं नाही. पण भारी गोष्ट पुढची आहे. त्या पहिल्यावहिल्या विश्लेषणात फिशरने सगळ्या चढउताराला एकच पट्टी लावली होती, खरं तर काही खतं मोठ्या तुकड्यांना दिलेली आणि काही त्याच्या आतल्या ओळींना, त्यामुळे पट्ट्या दोन लागायला हव्या होत्या. १९२५ च्या पुस्तकात त्याने त्यातलेच आकडे परत घेऊन ते नीट केलं.

हे मी का सांगतोय, कारण पॅकहाऊसमध्ये नेमकं हेच होतं. नुसत्या चाचणीसाठी पद्धत तासातासाला बदलता येत नाही, बाया वैतागतात आणि बरोबरच आहे त्यांचं, म्हणून पद्धत दिवसाची ठरते, आज साखळी, उद्या एकटी. माल मात्र दिवसात चार वेळा बदलतो. मग एका दिवसातल्या आठ तासांच्या आठ नोंदी या पद्धतीसाठी आठ नोंदी होत नाहीत, ती एकच. तो दिवस उकाड्याचा असेल, टेबलावर एक नवीन मुलगी असेल, त्याचा परिणाम आठही तासांवर सारखाच पडणार. पद्धतीचा फरक मोजायला पट्टी दिवसादिवसातल्या चढउताराची लागते आणि मालाचा फरक मोजायला तासातासातल्या. स्प्लिट-प्लॉट म्हणतात याला, प्लॉट हा शब्द शेतातूनच आलाय. हे न करता सगळे तास एका थप्पीत टाकले की एफ फुगतो आणि वाट्टेल ते सिद्ध होतं.

दिवस कसे ठरवायचे? चिठ्ठी टाकून. हसतात लोक, पण मालक ठरवायला लागला की ज्या दिवशी चांगल्या बागेचा माल येणार त्या दिवशी आपोआप लाडकी पद्धत लागते, मुद्दाम नाही करत कोणी, होतं तसं.

बायकांच्या कामाची मोजणी म्हटली की हॉथॉर्नचं नाव निघणारच. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना, १९२४ पासून आधी दिव्यांच्या उजेडाचे प्रयोग, मग १९२७ पासून टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या मोजक्या मुली वेगळ्या खोलीत बसवून सुट्टीच्या वेळा, कामाचे तास असं एकेक बदलून बघितलं. सगळ्यांना त्यातलं एवढंच आठवतं की लक्ष दिलं की माणूस जास्त काम करतो. पण मांडणी बघा, एकामागून एक बदल, पगाराचा हिशोब पण मधेच त्या छोट्या गटापुरता वेगळा केला, १९२८ च्या सुरुवातीला दोन मुली बदलल्या. घटक एकमेकांना आडवे-उभे लावलेलेच नाहीत, सगळे एका रांगेत, मग कशामुळे काय झालं हे वेगळं काढणार कसं? त्यावर पुढे पन्नास वर्षं लोक भांडत राहिले. चार घरं आधी आखून घेतली असती तर भांडण थोडं तरी कमी झालं असतं असं आपलं माझं मत.

पगाराचा मुद्दा आपल्याकडे पण आहेच. रोजाने आलेली टोळी आणि उक्त्याने काम घेतलेली टोळी यांचा वेग वेगळा, हे कोणताही मुकादम सांगेल. पण उक्त्याला डागी माल आला की कात्री हलकी चालते, पेट्या वाढतात आणि मग खराब मणी आत जातात. म्हणून नुसत्या पेट्या मोजून भागत नाही, तपासणीत परत आलेल्या पेट्या वजा करा, नाहीतर अनोव्हा इमानदारीने चुकीच्याच गोष्टीचं उत्तर देईल.

आता एक्सेलबद्दल थोडं, कारण सगळ्यांचं गाडं तिथेच अडतं. डेटा अॅनालिसिसमध्ये टू फॅक्टरचे दोन पर्याय दिसतात, विथ रेप्लिकेशन आणि विदाउट. घरात एकच नोंद असेल तर विदाउट घ्यावं लागतं, पण मग इंटरॅक्शनची ओळच मिळत नाही, ती चढउतारात मिसळून जाते, म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तेच गायब. विथ घेतलं तर प्रत्येक घरात नोंदी सारख्याच लागतात, एका घरात पाच आणि दुसऱ्यात तीन त्याला चालत नाही. आणि प्रत्यक्षात तसंच होतं, डागी माल ठरवून थोडाच येतो. अशावेळी दोन नोंदी उडवून सारखं करून घेतात लोक, ते करू नका. आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. फक्त एक लक्षात ठेवा, नोंदी असमान असल्या की आरच्या साध्या अनोव्हात कोणता घटक आधी लिहिला यावर उत्तर बदलतं, आधीचा जास्त वाटा खाऊन जातो. यावर फ्रँक यीट्स या संख्याशास्त्रज्ञाने १९३४ मध्येच लिहून ठेवलंय, नवीन दुखणं नाही. मी अशावेळी दोन्ही क्रमाने चालवून बघतो, इंटरॅक्शन शेवटी राहतं म्हणून त्याचं उत्तर हलत नाही, आणि मला तर तेच हवं असतं. दिवसाची वेगळी पट्टी लावायची असेल तर तिथे एररमध्ये दिवस द्यायची सोय आहे, एका ओळीचं काम, पण तिथे प्रत्येक दिवशी दोन्ही प्रकारचा माल सारख्या प्रमाणात आलेला असला तर बरं, नाहीतर मिक्स्ड मॉडेलकडे जा, ते असमान नोंदी असतानाही दोन पट्ट्या सांभाळतं.

आणि तो चार घरांचा साधा ग्राफ काढा, आडव्या बाजूला माल, उभ्या बाजूला पेट्या, प्रत्येक पद्धतीची एक रेघ. दोन रेघा समांतर असल्या तर इंटरॅक्शन नाही, एकमेकींना कापल्या तर मालकाला एफ रेशो सांगायची गरजच पडत नाही, बोट ठेवून दाखवता येतं. मित्राला मी तेच दाखवलं, तो पाच मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, मग गेटवरच क्रेट बघून ठरवायचं का कोणती पद्धत? ठरवायचंच. गेटवर उतरवून घेणाऱ्या पोराने क्रेटला खडूने खूण करायची आणि टेबलाने खूण बघून बसायचं, एवढंच काम आहे.

वही कशी ठेवायची तेही सांगतो, हे विचारणारे बरेच असतात. तारीख, टेबल, पद्धत, कोणत्या बागेचा माल, साफ की डागी हे क्रेट उघडताना लिहायचं, पेट्या मोजून झाल्यावर नाही, कारण पेट्या कमी आल्या की माल डागी होता असं लिहायचा मोह होतोच. तासाच्या पेट्या, परत आलेल्या पेट्या. आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना, मोठा ठेवा. लाईट गेली, पनेट संपले, पिकअप उशिरा आली, काटा बंद पडला. हे ज्या तासाला झालं तो तास बाजूला ठेवायचा की नाही हे आकडे बघायच्या आधी ठरवा, आणि ठरवलेलं त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.